पेडलपासून चाकापर्यंत

माझे चाचा मुंबईत टॅक्सी चालवायचे. काळी-पिवळी फियाट. १९८० च्या आसपासच्या एका पावसाळ्यात पेडर रोडच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ तळाला जाऊन टेकलं. चाचांनी गिअर खाली आणला, हॅन्डब्रेक ओढला आणि गाडी फुटपाथच्या कडेला घासत घासत थांबवली. हॅन्डब्रेकचा ब्रेक ऑइलशी संबंध नसतो, म्हणून त्या दिवशी चाचा आणि मागे बसलेलं गिऱ्हाईक दोघेही घरी पोचले. वाकून पाहिलं तर मागच्या चाकांकडे जाणारा, पेन्सिलीहून बारीक असा एक पाईप गंजून फुटला होता.

मी दहा-अकरा वर्षांचा होतो. एका पाईपला भोक पडलं तर चारही चाकांचे ब्रेक का जावेत, हा माझा प्रश्न होता. त्याचं उत्तर गाडीपेक्षा जुनं निघालं.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक लोखंडी सळ्यांनी आणि तारांनी ओढले जात. चारही चाकांना सारखा ताण देणं ही मोठी कटकट. एक सळी जरा ढिली झाली की गाडी एका बाजूला खेचली जायची. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकातच सांगून ठेवलं होतं. त्याचा उपयोग करून अमेरिकेच्या माल्कम लॉकहीडने १९१७ साली तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं. विमानांमुळे आपल्याला ठाऊक असलेलं नाव ते हेच. भावाबरोबर तो विमानंही बनवत असे. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग या महागड्या मोटारीला आणि १९२४ मध्ये क्रायस्लरला असे ब्रेक आले. फोर्डने मात्र १९३९ च्या मॉडेलपर्यंत सळ्या सोडल्या नाहीत. पेडलपासून चाकापर्यंत सगळं पोलाद, हा त्यांना अभिमान होता. मला तो हट्ट अगदीच वेडगळ वाटत नाही. तेलावर जीव टाकायचा म्हणजे भरवसा त्या बारीक पाईपवर आला.

हा पाईप असतो पोलादाचा. तांब्याचा मुलामा दिलेली पातळ पट्टी दोन वेढ्यांत गुंडाळून भट्टीत सांधायची, अशी त्याची जुनी रीत. बाहेरचा व्यास पावणेपाच मिलिमीटर, भिंत जेमतेम पाऊण मिलिमीटरची. जोरात ब्रेक मारला की आतला दाब चौरस इंचाला हजार पौंडांच्या घरात जातो. टायरमध्ये आपण तीसेक पौंड हवा भरतो, यावरून अंदाज करा. बर्फाळ देशांत रस्त्यावर टाकलेलं मीठ हा पाईप खातं. आपल्याकडे समुद्राची हवा आणि क्लिपांखाली अडकून ओला राहणारा चिखल. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं, त्यामुळे गंज आतूनही लागतो. तो दिसत नाही.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार होणाऱ्या, पुढे पद्मिनी हे नाव मिळालेल्या गाडीचं मूळ म्हणजे इटलीची फियाट ११००. त्या जुन्या रचनेत मास्टर सिलिंडर एकच आणि तेलाचा मार्गही एकच. माझ्या प्रश्नाचं उत्तर हे. मार्गाचे दोन स्वतंत्र भाग करावेत, म्हणजे एक फुटला तरी दुसरा गाडी थांबवेल, हा विचार नंतर रुजला. अमेरिकेत तो १९६८ पासून सक्तीचा झाला.

चाचांनी गाडी आधी एका मिस्त्रीकडे नेली. तो म्हणाला, फुटका भाग कापून फ्रिजच्या तांब्याच्या नळीचा तुकडा जोडतो, तासाभरात गाडी रस्त्यावर. चाचा दुसऱ्याकडे गेले. तांबं वाकतं छान, पण हादऱ्यांनी कडक होऊन तडकतं. (तांब्यात दहाएक टक्के निकेल मिसळलं की गोष्ट निराळी. तो मिश्रधातू गंजत नाही आणि टिकतोही. व्होल्वोने १९७६ पासून तो वापरला.)

दुसरे मिस्त्री म्हातारे होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. त्यांनी सांध्यांवर तेल सोडलं आणि रात्रभर गाडी तशीच ठेवली. गंजलेला नट घाईने फिरवला तर त्याच्याबरोबर पाईपही पिळतो. सकाळी अख्खा पाईप उतरवून जमिनीवर ठेवला आणि त्याच्याशेजारी नवा तसाच वाकवत नेला. मग तोंडं दुहेरी फुलवायची. एकेरी फुलवलेलं तोंड चिरतं. पण तोंड फुलवण्याआधी नट आत ओवावा लागतो. उस्ताद तेच विसरले, स्वतःवरच चिडले, आणि तोंड कापून पुन्हा बसले.

शेवटी हवा काढायची. तेल दबत नाही, हवा दबते. बुडबुडा राहिला तर पेडल मऊच लागणार. पाय माझा होता. "दाब... धरून ठेव... सोड." सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. बाटलीत बुडबुडे यायचे थांबले आणि पायाखाली पेडल दगडासारखं झालं, ते मला अजून आठवतं.

मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. चाचांची त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली होती. त्या दिवशी उस्तादांनी पैसे घेतले आणि बाजूला पडलेला जुना पाईप करवतीने तीन ठिकाणी कापला. मी विचारलं, आता कशाला? म्हणाले, "सबंध ठेवला तर कोणीतरी बसवेल."