खजिना, रयत आणि गाणे: शाहूकालीन कोल्हापूरचा एक प्रश्न

१/ दुष्काळ आणि प्लेग यांनी रयत होरपळत असताना राजाने गवयाला वेतन का द्यावे? नाट्यगृह का बांधावे? सार्वजनिक पैशाने कलेला आधार द्यावा की नाही, हा वाद आजचा नाही. शतकापूर्वीच्या कोल्हापुरात त्याचे एक विचार करण्याजोगे उत्तर सापडते. #थ्रेड

२/ एप्रिल १८९४ मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला. लवकरच १८९६-९७ चा दुष्काळ आला, पाठोपाठ प्लेग. साधारण याच काळात जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ कोल्हापूरचे दरबारी गायक झाले.

३/ आक्षेप उघड आहे. खजिन्यातला रुपया अखेर रयतेच्या घामाचा. दरबारातला ख्याल ज्या कुणब्याच्या कानी कधी पडणार नाही, त्याने त्याचा भार का सोसावा? हा प्रश्न न्याय्य आहे. तो टाळून कलेची बाजू मांडता येत नाही.

४/ मात्र शाहूंनी ‘भाकरी की गाणे’ अशी निवड केलेली दिसत नाही. १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखीव, भोगावतीवर राधानगरी धरणाचा आरंभ, १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण. याच कारकिर्दीत १९१२ मध्ये खासबाग कुस्ती मैदान आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभे राहिले.

५/ या दोन वास्तू एकमेकींना लागून आहेत. एकीकडे कुस्तीचा शौकीन, दुसरीकडे नाटकाचा रसिक. राजवाड्याच्या दिवाणखान्यात निमंत्रितांनाच प्रवेश असे. येथे कला शहराच्या मधोमध आली. वरच्या आक्षेपाचे अर्धे उत्तर या उघड्या दारात आहे.

६/ कला केवळ घेते, देत नाही, असेही नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ रंगले. एका बाजूला बालगंधर्व, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरचे केशवराव भोसले. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. त्याच वर्षी केशवराव अवघ्या ३१ व्या वर्षी गेले. पॅलेस थिएटरला पुढे त्यांचेच नाव मिळाले.

७/ राजाश्रयाची दुर्बलताही याच कथेत आहे. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले आणि अल्लादिया खाँ मुंबईत स्थायिक झाले. एका माणसाच्या रसिकतेवर उभा असलेला आधार त्या माणसाबरोबरच संपतो.

८/ पण विद्या संपली नाही. गोव्याच्या केसरबाई केरकर १९२१ पासून खाँसाहेबांकडे दीर्घकाळ शिकल्या. मोगूबाई कुर्डीकरांनीही त्यांच्याकडून तालीम घेतली. १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांवरील ध्वनिमुद्रिकेत भारतीय संगीताचा आवाज म्हणून केसरबाईंची भैरवी अंतराळात गेली.

९/ कोल्हापूरच्या कोणत्या जमाखर्चात या परताव्याचा रकाना असता? अर्थात, प्रत्येक वेतनातून केसरबाई घडत नाहीत. पुष्कळ राजाश्रय केवळ स्तुतिपाठकांवर खर्ची पडला. म्हणून कसोटी तीन प्रश्नांची असावी: दार सर्वांना खुले आहे का? साधनेला पुरेसा काळ मिळतो का? देणारा गेल्यावरही आधार टिकेल का?

१०/ ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. कोल्हापूर हळहळले, सार्वजनिक निधीतून पुनर्बांधणीचा निर्णय झाला. ज्यांनी तेथे कधी तिकीट काढले नसेल, त्यांनाही ती वास्तू आपली वाटली.

११/ आज खजिन्याचा धनी राजा नाही, आपण आहोत. त्यामुळे शाहूंसमोरचा प्रश्न आता आपल्यापुढे आहे. आपल्या गावातले नाट्यगृह, वाचनालय, संगीत विद्यालय कोणाच्या पैशावर चालते, आणि त्याचे दार कोणाला उघडे आहे? एकदा जाऊन अवश्य पाहा. (समाप्त)