एंजिन-नियंत्रक, मोटारगाडीचा

पेट्रोल एंजिनाच्या सिलिंडरात किती इंधन सोडावयाचे व ठिणगी कोणत्या क्षणी पाडावयाची, हे ठरविणारी इलेक्ट्रॉनीय पेटी. कारखान्याने बसविलेली पेटी काढून तिच्या जागी बाजारात स्वतंत्र मिळणारी, मालकास हवी तशी जुळविता येणारी पेटी बसविण्याची प्रथा शर्यतीच्या मोटारींत सुरू झाली व पुढे हौशी मोटारमालकांत पसरली.

यापूर्वी हे काम कार्बुरेटर व डिस्ट्रिब्यूटर ही दोन यांत्रिक साधने करीत. जेट बदलणे, डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरविणे आणि कान देऊन एंजिनाचा आवाज ऐकणे हीच मेकॅनिकची जुळणी असे. अमेरिकेतील बेंडिक्स कंपनीने १९५७ मध्ये इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपणाची पद्धती पुढे आणली. परंतु ती विश्वसनीय ठरली नाही. जर्मनीच्या बॉश कंपनीची पद्धती १९६७ साली फोक्सवॅगन १६०० या गाडीत यशस्वी झाली. निष्कास वायूतील ऑक्सिजन मोजणारा संवेदक १९७६ साली व्होल्व्हो गाडीत आला आणि १९७९ साली बॉशच्या मोट्रॉनिकने इंधन व ठिणगी या दोहोंचे नियंत्रण एकाच पेटीत आणले. या पेट्यांतील कोष्टके मालकास बदलता येत नसत. ही अडचण ऑस्ट्रेलियातील हॅल्टेक (१९८६) व मोटेक (१९८७) या कंपन्यांनी दूर केली. पुढे २००१ साली ब्रूस बोलिंग व अल ग्रिपो या अमेरिकनांनी मेगास्क्वर्ट हा मालकाने स्वतः डाख देऊन जोडावयाचा स्वस्त संच उपलब्ध केला.

भारतात हा बदल उशिरा आला. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी प्रीमिअर पद्मिनी दीर्घकाळ कार्बुरेटरवरच चालली. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिल्ली परिसरासाठी प्रदूषणाची कडक मानके लागू केल्यावर अंतःक्षेपण सर्वसामान्य गाड्यांत आले. महाराष्ट्रातील डीसी डिझाइन या संस्थेने २०१२ साली प्रदर्शित केलेल्या अवंती या स्पोर्ट्‌स मोटारीत रेनो कंपनीचे १,९९८ घ. सेंमी.चे टर्बो एंजिन होते. त्याची शक्ती २५० अश्वशक्ती होती. पुढील मर्यादित आवृत्तीत ती ३१० पर्यंत वाढविण्यात आली.

नियंत्रक निवडताना किंमतीपेक्षा एंजिनाशी जुळणी महत्त्वाची. भुजादंडाची स्थिती सांगणाऱ्या दातेरी चक्राचा नमुना पेटीस ओळखता आला पाहिजे. अंतःक्षेपक व प्रज्वलन वेटोळी यांस पुरेशी निर्गम-टोके हवीत. अलीकडच्या गाड्यांत ब्रेक, मीटर व एंजिन एकाच तारजालावर संदेश पाठवितात. तेथे परकी पेटी बसविल्यास ब्रेकची सुरक्षायंत्रणा मुकी होण्याचा धोका असतो. तेलाचा दाब घसरताच एंजिन बंद करणारी सोय ही चैन नव्हे. आणि ज्या पेटीचा जाणकार जवळपास नाही, ती कितीही उत्तम असली तरी न घेतलेली बरी.

जुळणीत खरा धोका आहे. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४·७ भाग हवा लागते. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलास सु. १३·५ भागच पुरतात. म्हणून जुने कोष्टक नव्या इंधनावर तसेच ठेवले, तर मिश्रण इंधनास तुटपुंजे होते. पूर्ण भारावर टर्बो एंजिनास मिश्रण मुद्दाम इंधनसमृद्ध ठेवावे लागते. ते तुटपुंजे राहिले किंवा ठिणगी फार आधी पडली, तर उरलेले मिश्रण आपोआप पेटून ठोके पडतात व काही क्षणांत दट्ट्याचा माथा वितळू शकतो. यासाठी प्रथम टायमिंग लाइटने ठिणगीचा प्रत्यक्ष क्षण पेटीतील आकड्याशी ताडून पाहतात. हे न करता केलेली पुढील सर्व जुळणी व्यर्थ होय. त्यानंतर ठिणगी उशिरा व इंधन भरपूर ठेवून, कमी भारापासून एकेक पायरी चढत जातात. ऑक्सिजन संवेदकावर सतत नजर असते. अंतःक्षेपक पूर्ण वेळ उघडे राहण्याच्या बेतात आले, की त्यांचा आकार अपुरा समजून थांबावे लागते. हे काम शक्तिमापक यंत्रावर करावयाचे असते, रस्त्यावर नव्हे.

हवामानाचा प्रश्नही यात येतो. मुंबईत डिसेंबरच्या पहाटे निर्दोष ठरलेले कोष्टक मे महिन्यात बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीडच्या परिसरात ठोके पाडू शकते. कारण तेथे उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते व तापलेली हवा मिश्रणास लवकर पेटविते. याच परिसरातून समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर–शिर्डी हा ५२० किमी.चा टप्पा खुला झाला. मोटारींस तेथे ताशी १२० किमी. वेगमर्यादा असली, तरी सरळ, मोकळ्या मार्गावर एंजिन दीर्घकाळ मोठ्या भारावर चालविण्याचा मोह होतो. शक्तिमापकावर काही सेकंद टिकलेली जुळणी इतका वेळ टिकेलच असे नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने अशा बदलाबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलास ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शर्यतीपुरत्या वापरावयाच्या गाड्या म्हणूनच ट्रकवर लादून मैदानावर नेतात.