नागपाड्याचे मैदान आणि मराठी कुमार कादंबरी

मुंबईत बास्केटबॉल ज्या वस्तीत रुजला, तिच्या आसपासचा परिसर मराठी वाचकाला अनोळखी नाही. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला, दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली. गोलपिठा, कामाठीपुरा, कावाखाना ही नावे तेव्हापासून आपल्या वाङ्मयीन नकाशावर कायमची आहेत. त्यांना लागूनच नागपाडा आहे. क्लिफर्ड मॅनशार्ट हा अमेरिकन मिशनरी १९२५ साली मुंबईत आला आणि पुढे त्याने तिथे ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ सुरू केले. १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था प्रथम याच वास्तूत भरली. पुढे ती देवनारला गेली, म्हणजे आमच्या कुर्ल्याच्या शेजारी. बास्केटबॉल मुळात वायएमसीएचा खेळ. जेम्स नेस्मिथने तो १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत शोधला. नागपाड्यातही नेबरहूड हाऊस आणि मस्तान तलावाजवळची वायएमसीए हीच त्याची घरे झाली. इथल्या गल्ल्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खेळाडू निघाले. त्यांतले अब्बास मुंतसिर भारतीय संघाचे कर्णधार झाले; १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला.

म्हणजे ढसाळांची कविता आणि अब्बास मुंतसिर यांचा खेळ ही एकाच काळातली, आणि चालत जाण्याच्या अंतरावरची. पहिल्या गोष्टीवर मराठीत विपुल लिहिले गेले. दुसरी क्रीडापानावर राहिली.

या शेजाराकडे आमचे लक्ष वेधले ते कुर्ल्यातल्या वर्गाने. पदवीच्या विद्यार्थ्यांना आम्ही अभ्यासक्रमाबाहेरची एक कादंबरी वाचायला दिली: वॉल्टर डीन मायर्स यांची ‘स्लॅम!’ (१९९६). इंग्रजी पुस्तक आणि मराठीचा वर्ग, त्यामुळे काही प्रकरणे मुलांनी स्वतः वाचली, काही आम्ही तोंडी मराठीत सांगितली. नायक सतरा वर्षांचा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला कृष्णवर्णीय मुलगा. बास्केटबॉलमध्ये अव्वल, गणितात कच्चा. वस्तीतली शाळा सोडून तो बहुसंख्य गोऱ्या मुलांच्या शाळेत गेलेला आहे. आजी इस्पितळात. जुना मित्र आइस भलत्या धंद्यात शिरला असावा, असा संशय. आणि हे सारे तो स्वतःच, आपल्या गल्लीच्या बोलीत सांगतो.

आमची अपेक्षा अशी की चर्चा सामन्यांवर होईल. ती झाली नाही. सामन्यांची वर्णने बऱ्याच जणांना लांबट वाटली. वर्ग अडला तो गणितापाशी. अकरावीला दक्षिण मुंबईतल्या कॉलेजात प्रवेश मिळवून वर्षभरात कुर्ल्याला परतलेली एक मुलगी म्हणाली, “नव्या शाळेत त्याला काही येत नाही असं नाही, त्याला काय येतं हे तिथे कोणी विचारतच नाही.” कबड्डीत चढाई करणाऱ्या नेहरूनगरच्या मुलाने याला आपली जोड दिली. मैदानाच्या रेषेबाहेर पाऊल पडले की आपण पुन्हा हजेरीपटावरचा एक क्रमांक, असे तो म्हणाला. एका विद्यार्थिनीची तक्रार वेगळी होती: पुस्तकातली मटीशा ही मैत्रीण नायकाला शहाणपणाचे दोन शब्द सांगण्यापुरतीच येते, तिचा स्वतःचा खेळ कुठला? ही मुलगी शाळेत खो-खो खेळत असे. दिवेलागणीला घरी परतायचे, आणि मैदान मोकळे होई तेही दिवेलागणीलाच, या एका कारणाने तिचा खेळ सुटला. आमच्या मते त्या तासातले सर्वांत नेमके समीक्षावाक्य तिचेच.

मग साहजिकच प्रश्न आला की मराठीत असे काय आहे. आम्ही भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुढे केला. भागवत (१९१०–२००१) हे मराठी कुमारवाङ्मयातले फार मोठे नाव. ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला तो त्यांनी, आणि फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर उडणारा बनेशही त्यांचाच. आमच्या पिढीने तो अधाशासारखा वाचला. या मुलांना तो मुख्यतः २०१७च्या चित्रपटामुळे ठाऊक. काही कथा वाचून झाल्यावर एकाने दिलेला अभिप्राय असा : मजा येते, पण फेणेला नापास व्हायची भीती नाही. अभिप्राय भागवतांवर थोडा अन्याय करणारा आहे, कारण साहसकथेचा करारच तसा असतो. तरी त्यात इतिहास दडलेला आहे. मराठी कुमार कादंबरीने मुलाला गड-किल्ल्यांवर, जंगलात, काश्मीरला नेले. रोज संध्याकाळी तो ज्या मैदानावर जातो तिथे ती क्वचितच थांबली.

वस्तीतले मूल मराठीत आलेच नाही, असे मात्र नव्हे. दलित आत्मकथनांनी ते आणले, आणि असे आणले की मराठी गद्य बदलून गेले. पण ते मूल मोठेपणीच्या नजरेतून येते. ‘बलुतं’ आणि ‘स्लॅम!’ शेजारी ठेवून आम्ही काही पाने वाचली, तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, “हा सुटला हे आपल्याला आधीच माहीत आहे, कारण पुस्तकावर त्याचं नाव आहे. स्लॅमचं काय होईल ते माहीत नाही.” आत्मकथनात बालपण भूतकाळात गेलेले असते, त्याचा अर्थ लावून झालेला असतो. सतरा वर्षांच्या वाचकाचे बालपण अजून चालू आहे. त्याला ज्या गोष्टीचा शेवट ठरलेला नाही अशी गोष्ट हवी असते, आणि खेळ ही नेमकी तशी गोष्ट आहे. सामन्यांची वर्णने लांबट वाटूनही मुले पुस्तक सोडीनात, याचे कारण आम्हांला इथे सापडते. मिलिंद बोकीलांची ‘शाळा’ (२००४) या बाबतीत सर्वांत जवळची. तिथे नववीतला मुलगा स्वतःच बोलतो. तिला उदंड वाचक लाभले. त्यांतल्या पुष्कळांनी मात्र ती आपल्या हरवलेल्या शाळेची आठवण म्हणून वाचली. तो कादंबरीचा दोष नव्हे.

इथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. कृष्णवर्णीय अमेरिकन साहित्य मराठीला नवे नाही. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव डोळ्यांपुढे ठेवून. म. ना. वानखेडे यांनी आणि पुढे जनार्दन वाघमारे यांनी त्या साहित्याचा परिचय करून दिला. आपण तिकडून विद्रोह घेतला, कविता घेतली, आत्मचरित्राचे बळ घेतले. त्याच साहित्यातले किशोरांचे कपाट तेवढे आपण उघडले नाही. मायर्स (१९३७–२०१४) हार्लेममध्ये वाढले. मृत्यूच्या काही महिने आधी, मार्च २०१४मध्ये, लिहिलेल्या एका लेखात त्यांनी सांगितले आहे की लहानपणी वाचलेल्या पुस्तकांत आपल्यासारखे कोणी नसल्याचे जाणवले तसे ते वाचनापासून दूर गेले. पुढे जेम्स बाल्डविनची ‘सनीज ब्लूज’ ही कथा हाती आली, आणि आपल्या गल्लीबद्दल लिहिण्याची जणू परवानगी मिळाली. आमच्याकडे ती परवानगी बाबुराव बागुलांनी १९६३ साली ‘जेव्हा मी जात चोरली होती’मधून दिली होती. ती प्रौढांनी वापरली. पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकासाठी तिचा उपयोग फारसा झाला नाही.

भाषेच्या प्रश्नावर वर्ग सर्वांत जास्त तापला. स्लॅमची बोली प्रमाण इंग्रजी नाही, तरी पुस्तकाला १९९७ सालचा कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार मिळाला, हे मुलांना खरेच वाटेना. कुर्ल्यात मराठी, हिंदी, दखनी उर्दू एकाच वाक्यात नांदतात. “उत्तरपत्रिकेत आम्ही असं लिहिलं तर?” या प्रश्नावर आम्हां शिकवणाऱ्यांतच दोन तट पडले. एक म्हणतो, प्रमाण मराठी हीच या मुलांची नोकरीची शिडी आहे, ती काढून घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की शिडी असू द्या, पण चढणाऱ्याने आपली जीभ खाली ठेवूनच चढावे असे का? हा वाद शिक्षककक्षात अजून चालू आहे.

तो चढाईपटू मुलगा आठवड्याने तीन पाने लिहून घेऊन आला. एका संध्याकाळच्या सामन्याची हकिकत, मध्यंतरापर्यंतची. त्यात ‘लोण’ आहे, ‘बोनस’ आहे, पकड करणाऱ्या कोपरारक्षकाला दिलेली एक अस्सल कुर्ल्याची शिवी आहे. खाली टीप देऊन ‘लोण’ म्हणजे काय ते सांगावे, अशी सूचना आमच्यापैकी एकाने केली. त्याने मान हलवली. स्लॅमच्या पुस्तकात खाली टिपा नव्हत्या, असे म्हणून त्याने कागद परत घेतले, आणि मध्यंतरानंतरचा भाग पुढच्या सोमवारी आणतो म्हणाला.