भैरवगढची भिंत आणि भैरवगढचा ठसा

महाकालेश्वराचे दर्शन घेऊन उज्जैनचा यात्रेकरू भैरवगढकडे वळतो, तो कालभैरवासाठी. देवाला मद्याचा नैवेद्य दाखविण्याची तेथील प्रथा सर्वश्रुत आहे, आणि बहुतेकांचे लक्ष तिकडेच असते. मराठी माणसाला तेथे आणखीही एक आठवण होते. पानिपतच्या १७६१ च्या पराभवानंतर महादजी शिंद्यांनी आपली पगडी या देवापुढे ठेवली, आणि उत्तरेत मराठी सत्तेची घडी पुन्हा बसविल्यावर मंदिराचा जीर्णोद्धार केला, असे परंपरा सांगते.

परंतु या मंदिराच्या भिंतींकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. एके काळी त्या माळवा शैलीच्या चित्रांनी नटलेल्या होत्या. आज त्यांच्या केवळ खुणा उरल्या आहेत. देवळाच्या भिंतीला शत्रू पुष्कळ. पावसाची ओल, दिव्यांची काजळी आणि भाविकाने श्रद्धेनेच दिलेला चुन्याचा नवा हात, यांपैकी कोणीही चित्र पुसून टाकण्यास पुरेसा असतो. अशा भिंतीपुढे उभे राहिले की मनात येते, ही चित्रे ताजी असताना येथे येऊन गेलेल्या एखाद्या प्रवाशापाशी कॅमेरा असता तर! त्याने घेतलेले एक साधे छायाचित्र आज केवढ्या मोलाचे ठरले असते!

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. अजिंठ्याचा इतिहासच पाहा. कंपनी सरकारने १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक केली. गिलने वर्षानुवर्षे लेण्यांच्या अंधारात बसून मोठमोठ्या कापडांवर नकला उतरविल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरात लागलेल्या आगीत बहुतेक सर्व जळून गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेच्या ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह तेच काम नव्याने केले. त्यांतील अनेक नकलाही १८८५ मध्ये लंडनलाच आगीत सापडल्या. दोन पिढ्यांच्या श्रमांची अशी राख झाली. परंतु गिलने मध्यंतरी कॅमेराही हाती घेतला होता. त्याची छायाचित्रे १८६४ मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने बाहेर पडली होती. छायाचित्राच्या प्रती अनेक निघतात आणि अनेक ठिकाणी जातात. एका घराला लागलेली आग त्या सर्वांना गाठू शकत नाही.

त्या काळचे छायाचित्रण म्हणजे मोठी खटपट होती. काचेवर द्रावण पसरावयाचे, ते ओले आहे तोवर चित्र घ्यावयाचे आणि लगेच अंधाऱ्या तंबूत शिरून ते धुवावयाचे. अशा काळात इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील एका कर्मचाऱ्याने नोकरी सांभाळून हा छंद जोपासला. पुढे राजा या किताबाने ओळखले गेलेले लाला दीनदयाळ ते हेच. मध्य भारतातील किल्ले, देवळे आणि राजवाडे त्यांनी टिपले, आणि त्यांची छायाचित्रे १८८६ मध्ये लेपेल ग्रिफिन यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. त्या वास्तूंची तेव्हाची अवस्था आज आपल्याला कळते ती या छंदामुळे.

माळव्यातीलच बाघ लेण्यांची कथा अधिक बोलकी आहे. उज्जैनप्रमाणेच बाघही तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याची धुरा मोरेश्वर बळवंत गर्दे या मराठी विद्वानाकडे होती. १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर या चित्रकारांना बोलावून तेथील भित्तिचित्रांच्या नकला करून घेण्यात आल्या. मूळ चित्रे दिवसेंदिवस ढासळत गेली, आणि १९८२ मध्ये उरलेल्यांपैकी बरीचशी भिंतीवरून सोडवून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात न्यावी लागली. बाघची नर्तकी आज आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते, ती बव्हंशी त्या नकलांच्या कृपेने.

आणि उज्जैनचेच विष्णु श्रीधर वाकणकर! १९५७ मध्ये रेल्वेने जाताना खिडकीतून दिसलेल्या खडकांनी त्यांचे कुतूहल जागविले. ते तेथे गेले आणि भीमबेटकाची प्रागैतिहासिक चित्रे जगापुढे आली. त्या प्रवासात ते काही शोधमोहिमेवर निघालेले नव्हते. तथापि त्यांची नजर जागी होती. पुढे त्यांनी खडकांवरील चित्रांच्या असंख्य प्रतिकृती केल्या.

आता तर प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीतच कॅमेरा आहे. २०१८ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने, अजिंठा, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील समाधी वगळता, आपल्या अखत्यारीतील स्मारकांत छायाचित्रे घेण्यास मोकळीक दिली. साधन आले, परवानगीही आली. परंतु छायाचित्राला साक्षीचे मोल केव्हा येते, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मला भैरवगढच्याच एका गल्लीत मिळाले, आणि तेही माझ्या चुकीतून.

भैरवगढ हे छापील कापडाचेही गाव आहे. येथील छिपा कारागीर लाकडी ठशांनी कापड छापत आले आहेत, आणि अलीकडच्या काळात मेणाने नक्षी राखून रंगविलेले बाटिकचे कापड येथून दूरवर जाते. काही वर्षांपूर्वी एका वृद्ध कारागिराच्या छपरीत मी भिंतीशी रचलेले जुने ठसे पाहिले. त्यांतील एका झिजलेल्या ठशावरची वेल मला फार आवडली. मी छायाचित्र घेतले, समाधानाने घरी आलो आणि ते एका जाणकार स्नेह्यांना दाखविले. त्यांनी विचारले, हा रेषेचा ठसा की भरावाचा? याच्या जोडीचे ठसे कोणते? याची लांबी किती? कापडावर हा उमटतो कसा? मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता येईना. ठशावरचे चित्र उलटे असते, एका नक्षीला रंगागणिक वेगळे ठसे लागतात, ही प्राथमिक गोष्टसुद्धा मी ध्यानात घेतली नव्हती.

पुढच्या खेपेस मी मुद्दाम त्या छपरीत गेलो. कारागीर हयात नव्हते. ठशांविषयी त्यांच्या मुलाने सांगितले की, झिजलेले लाकूड उपयोगाचे नसते, ते चुलीत गेले. त्यात त्याचा काय दोष? ठसा हे त्याच्या लेखी हत्यार होते. बोथट झालेली विळी आपण तरी किती दिवस जपतो? दोष होता तो माझा. समोर सांगणारा माणूस बसलेला असताना मी त्याला काही विचारले नाही.

म्हणून श्रोतेहो, एवढेच सुचवावेसे वाटते. संग्रहालयात मूर्तीचे छायाचित्र घेतले तर तिच्याखालच्या पाटीचेही घ्या; ती मूर्ती कोठून आली, हे त्याविना कळत नाही. जुन्या रंगांवर झगझगीत प्रकाश पाडू नका. शिल्प टिपावयाचे तर सकाळचे तिरपे ऊन बरे, त्यात कोरीव रेषा उठून दिसते. गावातल्या देवळाची भिंत, वाड्याची तुळई किंवा छिप्याचा ठसा टिपताना शेजारी एखादी पट्टी ठेवा, दिवस आणि ठिकाण लिहून ठेवा, आणि ज्याची वस्तू आहे त्याची अनुज्ञा घेऊन त्याच्याशी दोन शब्द बोला. संग्रहालयातील वस्तूची नोंद करणारे कोणी तरी असते. वाटेवरच्या वस्तूला आपल्यावाचून कोणी नाही.

माझ्यापाशी त्या ठशाचे छायाचित्र अजून आहे. त्यातील वेल सुरेख आहे. परंतु ती कापडावर कशी फुलत होती, हे आता मला कोणीही सांगू शकणार नाही.