कॅमेरा कंपनी नेमकं कुणाचं ऐकते?

फोटोग्राफर मंडळी चहाला जमली की एक वाक्य हमखास कानावर येतं, "कंपनीवाल्यांना आपलं काय पडलंय?" लग्नसराईत तर जास्तच. मला विचाराल तर कंपन्या ऐकतात. फक्त कुणाचं ऐकतात, ते बघायला लागतं. पोस्ट जरा लांबलीय, सवडीने वाचा.

1950 साल. अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकाचा फोटोग्राफर डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जुन मिकी या जपानी फोटोग्राफरमुळे निकॉनची लेन्स त्याच्या नजरेस पडली. तोवर जपानी माल म्हणजे स्वस्त नक्कल अशीच समजूत. डंकन थेट कारखान्यात गेला, लेन्स तपासल्या आणि त्याच घेऊन कोरियाच्या युद्धावर गेला. डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'ने या लेन्सवर लिहिलं आणि निकॉनचं नाव जगभर झालं. असा पाहुणा दारात आल्यावर कोण कान देणार नाही!

आता उलटं उदाहरण. 1987 मध्ये कॅननने ऑटोफोकससाठी लेन्स बसवायचा माउंटच बदलला. ज्यांनी पोटाला चिमटा काढून जुन्या लेन्स जमवल्या होत्या, त्यांच्या लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसेनात. प्रचंड ओरड झाली. कॅननने ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर निघालं. पुढे क्रिकेटच्या मैदानाबाहेर ज्या पांढऱ्या लेन्सची रांग दिसू लागली, ती त्याच निर्णयाची. म्हणजे ग्राहक म्हणेल ते सगळं ऐकावंच असंही नाही.

पण मला खरं बोलायचंय ते कोडॅकबद्दल, कारण तिथे प्रश्न आपल्या कातडीचा आहे.

रंगीत फोटो लॅबमध्ये प्रिंट करताना रंग बरोबर येतोय का, हे जुळवायला कोडॅक एक नमुना फोटो पाठवायची. त्यावर एक गोरी बाई. पहिल्या मॉडेलचं नाव शर्ली, म्हणून पुढे बाई बदलली तरी ते 'शर्ली कार्ड'च राहिलं. तिचा चेहरा छान आला की मशीन बरोबर. फिल्मचं रसायनही गोऱ्या त्वचेकडेच झुकलेलं. त्यामुळे गोरी आणि काळी मुलं एका फ्रेममध्ये आली की गोऱ्यांचे चेहरे नीट, आणि काळ्या मुलांचे फक्त डोळे आणि दात. शाळेचे असे ग्रुप फोटो बघून आईबाप तक्रार करायचे. फोटोग्राफर काय करणार? लाइट वाढव, एक्स्पोजर बदल. दोष फिल्ममध्ये असू शकतो, हे बहुतेकांच्या मनातही आलं नाही.

मग सुधारणा कशी झाली? कॅनडातल्या प्राध्यापक लॉर्ना रॉथ यांनी कोडॅकमध्ये काम केलेल्या लोकांना गाठून हे शोधलं. त्यांचा लेख 2009 चा आहे. कंपनीवर दबाव आला तो चॉकलेटवाल्यांचा आणि फर्निचरवाल्यांचा! जाहिरातीत डार्क आणि मिल्क चॉकलेट वेगळं दिसेना, लाकडाच्या छटा कळेनात. हे मोठे गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी तपकिरी रंगावर काम झालं आणि त्याचा फायदा काळ्या-सावळ्या माणसांना जाता जाता मिळाला. पुढे नव्या फिल्मचं कौतुक करताना कोडॅकच्या लोकांनी दाखला दिला तो मंद उजेडातल्या काळ्या घोड्याचा. घोड्याचा! गोऱ्या बाईबरोबर इतर वर्णाच्या बायका असलेलं कार्ड यायला 1990 चं दशक उजाडलं.

व्हिडिओवाल्यांचा अनुभव मात्र जरा बरा. 2008 चा कॅनन फाइव्ह-डी मार्क टू आठवत असेल. व्हिडिओ झकास, पण एक्स्पोजर हातात नाही आणि वेग फक्त 30 फ्रेम. आपल्याकडे टीव्हीचा हिशोब 25 चा. लोकांनी जुगाड केले, अ‍ॅडॅप्टर लावून कॅननवर निकॉनच्या जुन्या लेन्स चढवल्या, कारण त्यांचं अ‍ॅपर्चर हाताने फिरवता यायचं. सिनेमावाल्यांनीही हा कॅमेरा उचलला, तेव्हा कॅननला जाग आली. 2009 मध्ये फर्मवेअरने मॅन्युअल एक्स्पोजर दिलं, 2010 मध्ये 24 आणि 25 फ्रेम. आपल्या लग्नवाल्यांनी मागितलं असतं तर मिळालं असतं? मला शंका आहे.

कारण निकॉन डी-600 चं काय झालं बघा. 2012 चा कॅमेरा, सेन्सरवर डाग पडायचे. जगभरातून तक्रारी. 2013 मध्ये कंपनीने सरळ पुढचं मॉडेल बाजारात आणलं. मोफत तपासणीची घोषणा व्हायला फेब्रुवारी 2014 उजाडलं. मार्चमध्ये चीनच्या सरकारी टीव्हीने विषय उचलला, शांघायच्या प्रशासनाने विक्री थांबवायला लावली, आणि त्याच महिन्यात निकॉनने वॉरंटी संपलेल्यांनाही मोफत दुरुस्ती आणि तरी डाग राहिले तर कॅमेरा बदलून देण्याचं जाहीर केलं. डंकनने ज्यांचं नाव जगभर नेलं, तीच ही कंपनी.

आपल्याकडे तालुक्या-तालुक्यात फोटोग्राफर संघटना आहेत. 19 ऑगस्टला कॅमेऱ्याची पूजा होते, सत्कार होतात, फोटो छापायला आम्ही असतोच. एखाद्या मॉडेलच्या तक्रारी बिलासकट एकत्र करून ग्राहक आयोगाकडे गेलेली संघटना कुणाला माहीत असेल तर सांगा, बातमी मी करतो.

आणि रोल धुण्याच्या काळात ज्यांनी स्टुडिओ चालवला, त्यांनी सावळ्या नवरीचा चेहरा कसा सांभाळला, तेही खाली नक्की लिहा.