कॅमेरा श्रोत्यांकडे वळतो तेव्हा : रॉकपटांपासून 'जय भीम कॉम्रेड'पर्यंत

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की सर, तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस रॉक संगीतावरच्या चित्रपटांबद्दल काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. गिटारचे सूर मला ओळखता येत नाहीत. मला रस आहे तो पुराव्यात. एखादा गायक खरोखर होता, खरोखर गायला, आणि त्या वेळी तिथे कॅमेरा होता. मग त्या चित्रफितीतून इतिहासाला नेमकं काय कळतं? आज एवढाच प्रश्न घेऊन मी दोन चित्रपटांजवळ थांबणार आहे. एक कॅलिफोर्नियातला, दुसरा आपल्या मुंबईतला.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९६०च्या आसपास अमेरिकेत एक यांत्रिक बदल झाला. खांद्यावर घेऊन हिंडता येईल असा १६ मिमीचा कॅमेरा आणि त्याच्याशी जुळवून घेणारं ध्वनिमुद्रण यंत्र हाताशी आलं. त्याआधी चित्रीकरण म्हणजे तिवई, दिवे, आणि 'आता बोला' असा हुकूम. हा सगळा लवाजमा गेला आणि कॅमेरा माणसाच्या मागे मागे चालू लागला. रॉबर्ट ड्र्यू यांच्या गटातल्या पेनेबेकर, लीकॉक, अल्बर्ट मेझल्स या मंडळींनी हे तंत्र आधी राजकारणावर वापरलं, मग गायकांवर. बॉब डिलन १९६५ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा पेनेबेकर त्याच्याबरोबर होते. त्यातून झालेला 'डोन्ट लुक बॅक' १९६७ साली आला. त्यात गाण्यांपेक्षा हॉटेलच्या खोल्या, पत्रकारांशी हुज्जत आणि गाडीतला कंटाळाच जास्त आहे. मला तो आवडतो तो त्या कंटाळ्यासाठी.

त्याच पेनेबेकरांचा 'मॉन्टेरे पॉप' १९६८चा, पण महोत्सव झाला जून १९६७ मध्ये. त्याचा शेवट आपल्या लोकांनी जरूर बघावा. शेवटी आहेत पंडित रविशंकर, आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, म्हणजे आपले मुंबईचे. हा भाग जवळजवळ अठरा मिनिटांचा आहे. गंमत अशी, की सतार ऐकू येते आणि बराच वेळ रविशंकर दिसतच नाहीत! दिसतात ते ऐकणारे. डोळे मिटलेली मुलं, डुलणारी माणसं, श्रोत्यांत बसलेला जिमी हेंड्रिक्स. त्याच रात्री हेंड्रिक्सने रंगमंचावर आपली गिटार पेटवून दिली. वाद्याला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या परंपरेतल्या रविशंकरांना हे रुचलं नाही, आणि त्यांनी ते नंतर बोलूनही दाखवलं. पण माझा मुद्दा कॅमेऱ्याचा आहे. गाणाऱ्यावरून तो ऐकणाऱ्यावर गेला, आणि तिथे तो इतिहासाच्या कामाचा झाला. कारण त्या दिवशीचं वादन ध्वनिमुद्रिकेवरही ऐकता येतं. ते ऐकताना १९६७च्या अमेरिकन तरुणांचे चेहरे कसे होते, हे मात्र तिच्यातून कळत नाही.

'वुडस्टॉक' तुम्हाला ठाऊक असेल. ऑगस्ट १९६९, चार लाखांच्या वर माणसं, पाऊस, चिखल. पडद्याचे दोन-दोन, तीन-तीन तुकडे करून ते सगळं दाखवलं आहे, आणि संकलकांत तरुण मार्टिन स्कॉर्सेसी होता. त्या चित्रपटाने एका पिढीला स्वतःची प्रतिमा दिली. फार गोड प्रतिमा. मी त्यावर जास्त वेळ घालवत नाही.

कारण चारच महिन्यांनी, ६ डिसेंबर १९६९ला, अल्टामाँट झालं. (सहा डिसेंबर म्हटल्यावर आपल्या मनात वेगळंच काही येतं. तो योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका.) रोलिंग स्टोन्सने अमेरिकेच्या दौऱ्याची अखेर म्हणून कॅलिफोर्नियात फुकट कार्यक्रम जाहीर केला. जागा शेवटच्या दोन दिवसांत बदलली आणि मोटारशर्यतींच्या एका मैदानावर घाईघाईने मंच उभा केला. तो इतका बुटका, की गर्दी थेट गायकांच्या पायाशी आली. मंचाभोवती 'हेल्स एंजल्स' ही मोटरसायकलवाल्यांची टोळी होती. त्यांचा मोबदला बिअरच्या रूपात दिला होता, असं सांगतात. दिवसभर मारामाऱ्या होत राहिल्या. रात्री स्टोन्स गात असताना मेरेडिथ हंटर नावाच्या अठरा वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाला मंचासमोरच भोसकण्यात आलं.

मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा 'गिमी शेल्टर' १९७० साली आला. झ्वेरिन बाईंची कल्पकता अशी, की स्टोन्सनाच संकलनाच्या टेबलाशी बसवायचं, चित्रित झालेलं त्यांना दाखवायचं, आणि त्यांचं बघणं चित्रित करायचं. मिक जॅगर बघतो आहे. फीत मागे घेतली जाते, हळू चालवली जाते, थांबवली जाते. हंटरच्या सोबतिणीच्या फिकट रंगाच्या कपड्यावर पिस्तुलाची काळी आकृती क्षणभर दिसते. मग सुरा. मंचावर उभं राहून गाताना जे नीट दिसलं नव्हतं, ते गायकाला आता दिसतं. तो फारसं बोलत नाही, उठून जातो.

हीच चित्रफीत न्यायालयात गेली. सुरा चालवणाऱ्यावर खटला झाला आणि पंचांनी १९७१ साली, स्वसंरक्षण म्हणून, त्याला निर्दोष ठरवलं. एकच फीत. तिच्यात एका बाजूला पिस्तूल आहे, दुसऱ्या बाजूला मेलेला मुलगा.

आता माझ्या शास्त्राकडे येतो, दोनच मिनिटं सहन करा. नैयायिकांचं उदाहरण आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर दिसणं हे प्रत्यक्ष, अग्नी हे अनुमान. कॅमेरा आपल्याला धूर देतो. अग्नी आपला आपण लावतो, म्हणजे जोडून घेतो. आणि कॅमेऱ्याच्या धुराला आणखी एक खोड आहे. तो कुठल्या डोंगरावरचा आणि कुठल्या घटकेचा, हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. प्राचीन नैयायिकाला हा त्रास नव्हता, तो बिचारा डोंगरासमोर उभा असायचा.

हे मनात ठेवून मुंबईला येऊ. आपल्याकडे गायक-वादकांवर माहितीपट पुष्कळ झाले. भीमसेनजींवर गुलजारांनी केला, कुमार गंधर्वांवर जब्बार पटेलांनी, किशोरीताईंवर अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी. रॉकच म्हणाल तर 'इंडियन ओशन'वर जयदीप वर्मांचा 'लीव्हिंग होम' आहे, २०१०चा. सगळे बघण्यासारखे. तरी 'गिमी शेल्टर'च्या शेजारी ठेवावा असा चित्रपट शोधताना मी या कोणापाशी थांबत नाही. मी थांबतो शाहिरांपाशी. त्यांच्याकडे ढोलकी आणि डफ, मंच म्हणजे चौकातली बाकडी, आणि ऐकणारी माणसं वस्तीतली. रस्त्यावरच्या संतापाचं गाणं म्हणून अमेरिकेने ज्याचं कौतुक केलं, ते आपल्याकडे अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्यापासून, वामनदादा कर्डकांपासून चालत आलेलं आहे.

विलास घोगरे हे त्यांतले एक शाहीर. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहायचे, 'आव्हान नाट्य मंचा'तून गायचे. आनंद पटवर्धनांनी मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावर 'हमारा शहर' हा चित्रपट केला, १९८५ साली, त्यात घोगऱ्यांचं गाणं आहे. पुढे ज्या डाव्या गटात ते होते, त्याने त्यांना दूर केलं.

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी लोकांना दिसलं, की बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातला आहे. माणसं रस्त्यावर उतरली. राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि दहा जण मेले. घोगरे त्या वस्तीत जाऊन आले. चार दिवसांनी, १५ जुलैला, त्यांनी आपल्या झोपडीत जीवन संपवलं.

पटवर्धनांनी इथून कॅमेरा उचलला, आणि 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. २०११चा चित्रपट, तीन तासांच्या वर लांब. लांबीबद्दल लोक कुरकुरतात. मला ती योग्य वाटते, कारण त्यात न्यायालयाची दिरंगाई तेवढ्याच संथपणे अंगावर येते. साक्षीदारांचे केस पांढरे होतात, मुलं मोठी होतात, पुढारी पक्ष बदलतात. दोन तासांत हे मावलं नसतं.

त्यातला एक भाग मी वर्गात दाखवावा असा आहे. पोलिसांचं म्हणणं होतं, की जमाव गॅसचा टँकर पेटवायच्या बेतात होता, मोठा अनर्थ झाला असता, म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या. पुरावा म्हणून एक व्हिडिओ फीत पुढे केली गेली. पटवर्धन ती फीत आपल्याला दाखवतात. मग विचारतात, हे कुठलं आहे, आणि कधीचं? टँकर उभे होते ती जागा आणि गोळ्या झाडल्या ती जागा, यांच्यामधलं अंतर ते दाखवतात. बघता बघता तो टँकरचा पुरावा विरघळून जातो. धूर खरा असेल हो, पण डोंगर दुसरा! गुंडेवार चौकशी आयोगानेही गोळीबार समर्थनीय मानला नाही. २००९ साली सत्र न्यायालयाने गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला जन्मठेप दिली, आणि पुढे उच्च न्यायालयातून त्याला जामीन मिळाला.

'गिमी शेल्टर'मध्ये कॅमेऱ्याने अपघाताने गुन्हा टिपला आणि नंतर तो टेबलावर तपासला गेला. इथे उलटं आहे. अधिकाऱ्यांचा कॅमेरा तपासायला दुसरा कॅमेरा गेला. माझ्या मते हे काम अवघड, आणि इतिहासकाराच्या धंद्याला जास्त जवळचं.

आणि या सगळ्यात गाणी आहेत. तुकडे नाहीत, पुष्कळदा सबंध गाणी. भीमजयंतीला, लग्नात, मोर्चात, स्वयंपाकघराच्या दारात गाणाऱ्या बायका. मॉन्टेरेत पेनेबेकर जे अठरा मिनिटं करतात, ते इथे तासन्‌तास चालतं. कॅमेरा गाणाऱ्यावर असतो आणि हळूच ऐकणाऱ्यांवर जातो. शेवटाकडे पुण्याच्या 'कबीर कला मंचा'ची तरुण मंडळी येतात. शीतल साठेचा आवाज एकदा ऐकलात की विसरणार नाही. चित्रपट पुरा होत असतानाच त्या मंचावर नक्षलवादाचा आरोप आला. शीतल आणि सचिन माळी भूमिगत झाले, आणि एप्रिल २०१३ मध्ये मुंबईत विधानभवनासमोर येऊन उभे राहिले. तेव्हा ती गरोदर होती. तिला काही आठवड्यांनी जामीन मिळाला, सचिनला फार उशिरा. त्यांच्या राजकारणाशी तुम्ही सहमत असा वा नसा. ते भूमिगत व्हायच्या आधी काय गात होते आणि समोर कोण बसलं होतं, हे या चित्रपटामुळे कोणालाही स्वतः बघता येतं.

इथे रत्नागिरीत बसून हे दूरचं वाटू नये. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात आहे, आणि मुंबईच्या चाळी-झोपड्यांत आपल्या जिल्ह्यातली किती घरं आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. गाण्याचंही तेच. आपल्याकडे जाखडी आहे, शक्तीवाले आणि तुरेवाले रात्रभर एकमेकांना कोडी घालतात, नमन-खेळे आहेत. हल्ली हे सगळं मोबाइलवर टिपलं जातं आणि मुंबईतल्या चाकरमान्यांकडे पाच मिनिटांत पोचतं. मी ते आवडीने बघतो. पण बघा, कॅमेरा जवळजवळ नेहमी शाहिरावर खिळलेला. समोरची म्हातारी कुठल्या सवालाला हसली, पोरं कुठे उठून गेली, कुठल्या वाडीचं अंगण, कुठलं साल, ढोलकीवर कोण, यातलं काही नाही. पन्नास वर्षांनी कोणी ही फीत उघडली, तर त्याला आवाज मिळेल आणि डोंगर मिळणार नाही. नाव, गाव, तारीख सुरुवातीला नुसती बोलून ठेवली तरी चालेल. आणि एखादं कडवं कॅमेरा वळवून प्रेक्षकांवर धरा. शाहीर रागावणार नाही, आणि रागावला तर माझं नाव सांगा.

एक माहिती राहिली. 'जय भीम कॉम्रेड' जानेवारी २०१२ मध्ये लोकांना दाखवला गेला तो मुंबईत, भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर, पडदा लावून. तीन तासांहून लांब चित्रपट, आणि समोर बसलेले बरेचसे तेच लोक, ज्यांची गाणी पडद्यावर चालू होती.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई, तुम्ही मघापासून हात वर करून आहात, बोला.