तीन दिवसांचं अंतर

साल ११८६. ऱ्हाईनकाठचं वर्म्स. चांदण्या उगवल्यात आणि तुम्ही हातात दिवा घेऊन दगडी पायऱ्या उतरताय. खाली नुकतंच बांधलेलं मिक्वे, ज्यूंचं शुद्धिस्नानाचं कुंड. पाणी जमिनीतून झिरपलेलं. घागरींनी भरलेलं चालत नाही.

नखं कापलीत, केस विंचरलेत, अंगठी काढलीय. अंग आणि पाणी यांच्यामध्ये काही येता कामा नये. पाळीचे पाच दिवस, मग सकाळ-संध्याकाळ पांढऱ्या कापडानं तपासत मोजलेले सात स्वच्छ दिवस. या बारा दिवसांत नवऱ्याला स्पर्श नाही. किल्लीसुद्धा हातात द्यायची नाही. मेजावर ठेवायची, त्यानं उचलायची. याच गावात शिकलेले थोर भाष्यकार राशी हेच पाळत.

बुडी. गारठा हाडांत शिरतो. काठावरची बाई पाहते, एकही केस वर तरंगायला नको. पुन्हा बुडी. लग्नाला चार वर्षं झाली, घरात पाळणा नाही.

तुमची पाळी तेविसाव्या दिवशी येते. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, म्हणजे नवव्या दिवशी, आणि जेमतेम दिवसभर टिकतं. तुम्ही बाराव्या रात्री कुंडात उतरलात. हे गणित या काळात कुणालाच ठाऊक नाही. आणि सात दिवस कमी कोण करणार? मोहरीएवढा थेंब दिसला तरी सात दिवस मोजायचे, हा कडक नेम इस्राएलच्या लेकींनी स्वतःहून घेतला, असं ज्यूंचा धर्मग्रंथ तालमूद सांगतो.

पायऱ्या चढा. वर आजचं जेरुसलेम. १९९०मध्ये सुरू झालेली, मूल हव्या असलेल्या जोडप्यांना धर्माचे नेम सांभाळून सल्ला देणारी पुआ संस्था. नाव बायबलमधल्या त्या सुईणीचं, जिनं फारोचा हुकूम मोडून बाळं वाचवली. समोरची सल्लागार आधी तारखा विचारते. मग, रक्त गर्भाशयातलंच की एखाद्या जखमेचं? जखमेच्या रक्तानं विटाळ होत नाही. तसं निघालं तर मोजणी लवकर सुरू होते. नाहीतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली इस्ट्रोजेनच्या गोळ्या, बीज काही दिवस उशिरा सुटावं म्हणून.

सात दिवस सातच राहतात. सरकतो तो नववा दिवस. नेम की मूल, असा पेच इथं कुणी तुमच्यापुढे टाकत नाही. सल्लागार कॅलेंडर मेजावर ठेवते, बाराव्या दिवसाभोवती पेन्सिलीनं गोल करते. नवरा हात लांबवून ते उचलतो, आणि तुम्ही दोघं त्या गोलाकडे बघत राहता.